सायकलीवरून कवळ्यास

देवदर्शनास जावयाचे म्हणजे केवळ देवळाच्या दारापर्यंत पोहोचावयाचे, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही. दर्शनाचा आरंभ घरच्या उंबरठ्यावरच होत असे. देवापुढे विडा ठेवून निघावे, शिदोरी बांधून घ्यावी, वाटेत लागेल त्या नदीस हात जोडावे, ज्या गावी दिवस मावळेल तेथील देवळात पथारी टाकावी, असा तो क्रम होता. वाट ही दर्शनाची पहिली पायरी होती. ती दगडाची व धुळीची होती खरी, पण तिच्यावरून गेल्यावाचून गाभाऱ्यातील समईचा उजेड डोळ्यांस दिसत असला तरी मनास दिसत नसे, अशी त्या लोकांची धारणा होती.

बेळगाव व खानापूर या भागांतील कितीतरी घराण्यांची कुलदैवते गोमंतकात आहेत. आज घरून सकाळी मोटारीने निघालेला मनुष्य दुपारी देवळात प्रसाद घेतो आणि रात्री आपल्या अंथरुणावर येऊन निजतो. ही सोय वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना ती वरदानच आहे. १९५५ साली गोव्याची सरहद्द बंद झाली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत घाटावरच्या पुष्कळ माणसांना आपल्या देवाचे तोंड पाहता आले नाही. त्या सहा वर्षांत घरच्याच देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून पश्चिमेकडे हात जोडीत असू, अशी आठवण आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकली आहे. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्यापुढे मोटारीची निंदा कोण करील? तथापि सोय झाली म्हणजे वाट संपली असे होत नाही. ती तेथेच असते, आणि तिच्यावरून हळू जाणाऱ्यास पुष्कळ काही देते. दोन वर्षांमागे कार्तिकात आम्ही तिघे बेळगावाहून सायकलीवरून चोर्ला घाटाने उतरून कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास गेलो होतो. त्या वाटेची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

आम्हां तिघांत वयाने वडील ते अण्णा. त्यांचे चौसष्टावे वर्ष चालू होते. त्यांच्या घरी दर माघात देवीची ओटी भरण्याचा कुळाचार, आणि तो वहिनींनी चाळीस वर्षे एकदाही चुकू दिला नव्हता. आदल्या वर्षी वहिनी गेल्या. जाण्यापूर्वी काही दिवस त्यांनी पुढल्या ओटीसाठी गुळेदगुड्डचा एक खण आणून ट्रंकेत ठेवला होता. वर्षश्राद्ध झाल्यावर अण्णांनी तो बाहेर काढला आणि मुलांना सांगितले की ही ओटी मी घेऊन जाणार, आणि सायकलीवरून जाणार. मुले अर्थातच घाबरली. मोटार दाराशी उभी असता या वयात घाट कशाला, असे त्यांचे म्हणणे, आणि ते चुकीचे नव्हते. अण्णा वाद घालणाऱ्यांपैकी नव्हेत. त्यांनी आम्हांस एवढेच सांगितले, “लग्नाच्या वर्षी तिला म्हटलं होतं, एकदा तुला सायकलवर बसवून कवळ्याला नेतो. ते राहिलंच.” यावर आम्ही काय बोलणार? डॉक्टरांकडून हृदयाची व गुडघ्यांची तपासणी करून घ्यावी, आणि वाटेत काही वाटल्यास अण्णांनी निमूटपणे गाडीत बसावे, या दोन अटींवर मुलांनी मान डोलावली. दुसऱ्या अटीचे जामीन आम्ही दोघे होतो.

तयारीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळांचा समज असा की घाटात सायकल चालविणे हे तरुण पैलवानांचेच काम. वस्तुतः हल्लीच्या गिअरच्या सायकलींनी ते काम बरेच सुसह्य केले आहे. साखळी पुढच्या लहान चक्रावर आणि मागच्या मोठ्या चक्रावर घेतली की पायास जोर कमी लागतो, मात्र फेरे अधिक मारावे लागतात. चढाचे कर्ज त्यामुळे माफ होत नाही. ते लहान लहान हप्त्यांनी फेडता येते, इतकेच. अण्णांची स्वतःची सायकल जुन्या घडणीची, भक्कम पण एकाच चक्राची आणि सळईच्या ब्रेकची. घाटाच्या उतारास असा ब्रेक पुरा पडत नाही. म्हणून त्यांच्या पुतण्याची गिअरची व डिस्क ब्रेकची सायकल घेतली आणि तिला मुद्दाम मागे कॅरिअर बसवून घेतले. बरोबर दोन ट्यूबा, हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे सामान, पाने, साखळीचा एक जोड, डोक्यास शिरस्त्राण, रात्र पडलीच तर पुढे-मागे दिवे. खाण्यास भाकरी, शेंगाचटणी, गूळ आणि केळी. देवळात नेसण्यासाठी प्रत्येकी एक धूतवस्त्र वेगळ्या पिशवीत. ओटीचे गाठोडे पुढच्या पिशवीत ठेवल्यास डोळ्यांसमोर राहील, असे आम्ही सुचविले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि गाठोडे मागच्या कॅरिअरवर बांधले.

बेळगाव सोडून जांबोटीच्या रस्त्यास लागले की प्रथम उसाची व भाताची शेते लागतात. पुढे हळूहळू जमीन उंचसखल होत जाते आणि झाडी दाट होते. मोटारीतून जाणाऱ्यास हा रस्ता सपाटच वाटतो. सायकलस्वारास मात्र त्याची प्रत्येक उंची आणि प्रत्येक खोलगट जागा पायांनी मोजावी लागते. एक चढ संपला म्हणून निःश्वास सोडावा, तो उतार येतो आणि मिळविलेली सारी उंची एका मिनिटात खर्चून टाकतो. मग पुन्हा दुसरा चढ. अशा रस्त्यास एकच उपाय, तो म्हणजे घाई न करणे. दम लागून बोलणे थांबेल इतक्या जोराने पायडल मारू नये, हा आमचा नियम होता. तिघांच्या गप्पा चालू आहेत तोवर वेग योग्य, गप्पा थांबल्या की वेग कमी करावा.

जांबोटीच्या पश्चिमेस सोळा किलोमीटरांवर कणकुंबी. पहिल्या दिवसाचा आमचा मुक्काम तेथेच होता. येथे मलप्रभा नदीचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर. मलप्रभा येथून पूर्वेस वळते आणि दूर कूडलसंगमापाशी कृष्णेला मिळते. आणि याच गावच्या आसपास उगम पावणारा कळसा नाला पश्चिमेकडे धाव घेतो, म्हादईला मिळतो आणि पणजीपाशी समुद्रात जातो. एकाच डोंगराच्या एका उतारावर पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरास जावा आणि दुसऱ्यावरचा अरबी समुद्रास, ही गोष्ट आम्ही शाळेत नकाशावर शिकलो होतो. पण दिवसभर पायडल मारून त्या माथ्यावर पोहोचल्यावर ती जशी कळली तशी पूर्वी कधी कळली नव्हती.

या पाण्यावरून तीन राज्यांत तंटा आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला, २०१८ च्या ऑगस्टात त्याने निवाडा दिला, तरीही वाद मिटला असे म्हणता येत नाही. मलप्रभेच्या काठचा शेतकरी तहानलेला आहे आणि म्हादईच्या काठचा शेतकरी भयभीत आहे. दोघांचीही चिंता खरी आहे. या नियतकालिकाचे वाचक दोन्ही काठांवर आहेत, आणि न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. त्या संध्याकाळी कणकुंबीच्या माउलीच्या देवळात दिवा लागला, तेव्हा ओट्यावर टेकलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, “कुठनं आलासा म्हनायचं?” बेळगावाहून, असे आम्ही सांगितले. “आनि जानार कुठं?” कवळ्याला. त्यांनी हात जोडले व म्हणाले, “आमचा बी नमस्कार सांगा.” दोन दिशांना पाणी धाडणाऱ्या त्या माथ्यावर नमस्कार मात्र एकाच दिशेने जात होता, याचे आम्हांस त्या वेळी फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी धुके निवळण्याची वाट पाहून आम्ही निघालो. चोर्ल्याच्या पुढे रस्ता एकदम खाली वाकतो. गोव्याची हद्द लागते, डाव्या हातास १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्याचे रान पसरलेले दिसते, आणि पुढील पंधरा-सोळा किलोमीटरांत सातशे मीटरच्या आसपास उंची उतरून रस्ता केरीस येऊन टेकतो. चढ कठीण आणि उतार सोपा असे जो म्हणतो त्याने सायकलीवरून हा घाट उतरून पाहावा. चढात मनुष्य थकतो, पण उतारात तो चुकू शकतो. ब्रेक एकसारखा दाबून धरला तर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून वळण येण्यापूर्वी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेकांनी वेग मोडावा, वळणात ब्रेक सैल सोडावा, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा वेग आवरावा, अशी रीत आहे. रस्त्याच्या कडेस वाळलेली पाने आणि बारीक खडी साचलेली असते. तिच्यावर चाक जाऊ देऊ नये. वळणावर समोरून अवजड मालमोटार येत असेल तर सरळ कडेला थांबावे. या घाटात मालाची वाहतूक मोठी आहे, आणि सायकलस्वाराने आपला हक्क सिद्ध करावयाची ही जागा नव्हे.

तीन-चार किलोमीटर उतरल्यावर अण्णा थांबले. त्यांची छाती ठीक होती, गुडघेही ठीक होते. परंतु ब्रेक दाबून दाबून दोन्ही हातांची बोटे वळेनाशी झाली होती व थरथर कापत होती. गुडघ्यांची आणि हृदयाची तपासणी झाली होती. बोटांचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. आम्ही पाणी दिले, बोटे चोळली, अर्धा तास बसलो. पुन्हा निघालो, तो दोन वळणांनंतर तीच अवस्था. इतक्यात बेळगावाहून गोव्यास भाजी घेऊन जाणारी एक छोटी मालगाडी आमच्यापाशी थांबली. चालविणारा विशीतला पोरगा होता. “काका, टाका की सायकली माघं. केरीपातूर सोडतो. पैसं नको.” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जामीन राहिलो होतो ते याच क्षणासाठी. मुलांस दिलेला शब्द पाळावयाचा तर अण्णांना गाडीत बसविले पाहिजे. आणि बसविले तर ज्या कारणासाठी ते निघाले ते अर्ध्या घाटातच टाकून द्यावे लागणार.

अण्णा काही क्षण कॅरिअरवरच्या गाठोड्याकडे पाहत राहिले. मग त्या पोराला म्हणाले, “बाळा, देव तुझं भलं करो. पण मी चालत उतरतो.” आणि खरोखरच त्यांनी सायकल हाती धरली व चालावयास आरंभ केला. काही वाटल्यास गाडीत बसावे, अशी अट होती. वाटले होते ते केवळ बोटांना, आणि चालावयास बोटे लागत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हता. ब्रेक सारखा धरावा न लागल्यामुळे हातांस विसावा मिळतो आणि धोकाही उरत नाही. आम्हीही खाली उतरलो. उतारावर सायकली हाती धरून चालणारी तीन प्रौढ माणसे पाहून येणारे-जाणारे हसत होते. एकाने पंक्चर काढून देऊ का असेही विचारले. कठीण वळणे अशी पायी गेली, सौम्य उतार आला की आम्ही बसत असू, पुन्हा उतरत असू. मोटारीने अर्ध्या तासाचे ते अंतर तोडावयास आम्हांस साडेतीन तास लागले. परंतु त्या साडेतीन तासांत झऱ्यांचे आवाज, रानकेळीची पाने, झाडांवरून फिरणारी शेकरू, आणि वळणावळणाला उष्ण होत जाणारी कोकणची हवा ही सारी आमची झाली. घाटमाथ्यावर अंगावर घेतलेले लोकरीचे कपडे केरी येण्यापूर्वीच पिशवीत गेले होते.

केरीस एका घराच्या अंगणात आम्ही सावलीस टेकलो. घरधनीण बाहेर आली. “तुमी खंयच्यान आयल्यात?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तांब्या व गूळ आणून ठेवला. “इल्लें उदक पियात, मागीर वचात.” घाटाच्या वर “आलासा” आणि घाटाच्या खाली “आयल्यात”, भाषेने कूस पालटली तरी पाण्याबरोबर गूळ देण्याची रीत पालटली नव्हती.

तो दिवस त्रिपुरारी पौर्णिमेचा होता, आणि तो योग साधूनच आम्ही निघालो होतो. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे. त्या रात्री तेथे त्रिपुरासुराच्या वधाचा सोहळा होतो, आणि लोकांनी हातांनी घडविलेल्या नाना आकारांच्या दिवे लावलेल्या नौका नदीत सोडल्या जातात. हजारो माणसे काठावर दाटीने उभी असतात. आम्ही सायकली एका ओळखीच्या घरी ठेवल्या व गर्दीत मिसळलो. सकाळी ज्या डोंगराच्या माथ्यावर होतो त्याच डोंगराचे पाणी येथे दिवे वाहून नेत होते. अण्णांनी पानाच्या द्रोणात एक पणती सोडली. ती थोडी भोवऱ्यात फिरली, मग प्रवाहाला लागली, आणि पुढे इतर दिव्यांत कोणती आपली हे ओळखू येईनासे झाले. आम्ही काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी डिचोलीवरून नार्वे. खाणींनी कापलेले तांबडे डोंगर मागे पडतात आणि माडा-पोफळींच्या सावलीत श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ येते. कदंब राजांचे हे आराध्य दैवत मुळात नदीपलीकडील दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तेथील देऊळ पाडले गेले. लिंग नदी ओलांडून अलीकडे आणले गेले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडच्या डागडुजीनंतर २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा भाविकांस खुले झाले. दर्शन घेऊन आम्ही सायकली फेरीबोटीत चढविल्या आणि दिवाडीस उतरलो. म्हणजे देव ज्या वाटेने आला त्याच वाटेने आम्ही उलट गेलो. बेटावरील रस्ता सपाट, दोहों बाजूंस खाजणे, त्यांत बगळे. पलीकडच्या धक्क्यावर फेरीत चढताना ओल्या फळीवर अण्णांची सायकल घसरू लागली, तेव्हा एका ख्रिस्ती म्हाताऱ्याने ती सावरून धरली आणि गाठोड्याकडे पाहून हसून विचारले, “सायबिणीक?” अण्णांनी मान डोलावली. “देव बरें करूं,” तो म्हणाला. पाचशे वर्षांच्या कडू-गोड इतिहासाने या भूमीवर जे उरविले आहे, त्यात हे दोन शब्द आम्हांस लहान वाटत नाहीत.

जुन्या गोव्यावरून बाणस्तारीचा पूल ओलांडला की अंत्रुज महाल लागतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते येथेच आहेत. सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांच्या हाती होते, तर नदीपलीकडचे अंत्रुज त्यांच्या सत्तेबाहेर होते. म्हणून लोकांनी आपले देव रातोरात होड्यांत घालून येथे आणले. १५६० साली श्रीमंगेश कुठ्ठाळीहून अघनाशिनी ओलांडून प्रियोळास आले. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. रामनाथ लोटलीहून बांदिवड्यास आले. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. आम्ही मंगेशीस व म्हार्दोळास थांबून दर्शन घेतले आणि पुढे फर्मागुढीचा चढ चढू लागलो. तिसरा दिवस, पाय जड, ऊन डोक्यावर. या चढावर आम्ही तिघेही मुकाट झालो. आम्ही येथे डांबरी रस्त्यावरून, पोटात अन्न घेऊन, दिवसाउजेडी चढत होतो. ज्यांनी देव डोक्यावर घेऊन रात्री हीच टेकाडे चढली, त्यांच्याजवळ घर मागे उरले नव्हते आणि पुढे काय आहे ते ठाऊक नव्हते. त्यांच्या पायांना काय वाटले असेल, याचा विचार मोटारीत आम्हांस कधी सुचला नव्हता. फर्मागुढीच्या माथ्यावर गोपाळ गणपतीसमोर बसून आम्ही उरलेली केळी खाल्ली आणि बांदिवड्याच्या बाजूने उतरून कवळ्यास पोहोचलो.

कवळ्याचे आजचे देऊळ १७३८ च्या सुमाराचे, शाहू महाराजांच्या काळातील. समोर तळी, दीपस्तंभ, दोन्ही अंगांस अग्रशाळा. अग्रशाळेत स्नान करून, धूतवस्त्र नेसून आम्ही आत गेलो. अण्णांनी गाठोडे सोडले. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडे, सुपारी. घडी जराही मोडली नव्हती. पुजाऱ्यांनी ओटी हाती घेतली, नाव-गोत्र विचारले, आणि सहज म्हणाले, “घरकान्न येवंक ना?”

अण्णा म्हणाले, “ना. पूण ओटी तिणेंच धाडल्या.”

पुजाऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग काही न विचारता त्यांनी वहिनींचेच नाव घेऊन गाऱ्हाणे घातले आणि ओटी देवीच्या पायांशी ठेवली. शिव आणि विष्णू यांच्या युद्धात मध्ये उभी राहून जिने दोघांना शांत केले ती ही देवी, अशी आख्यायिका आहे. माणसाच्या पोटातले कलह शमविण्याचेही तिचे सामर्थ्य असावे. कारण वर्षभरात जे आम्ही पाहिले नव्हते ते त्या दिवशी अग्रशाळेच्या ओसरीवर पाहिले. अण्णांना बसल्या जागी गाढ झोप लागली.

परतीच्या दिवशी अण्णांचे चिरंजीव मोटार घेऊन आले आणि अण्णा काही आढेवेढे न घेता तीत बसले. मोटारीशी त्यांचे वैर नव्हतेच. आम्ही दोघे मात्र सायकलीवरूनच केरीपर्यंत आलो व घाट चढून परतलो. कुतूहल असणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. मनुष्य व सायकल मिळून नव्वद किलो वजन सातशे मीटर वर न्यावयाचे तर सुमारे सहाशे किलोज्यूल काम पडते. आपले शरीर अन्नातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचविते, म्हणजे सुमारे सहाशे कॅलरी खर्ची पडतात. चार-पाच भाकऱ्यांत चोर्ला घाट चढून होतो. डोंगर आपणांस वाटतो तितका महाग नाही.

ज्यांना ही वाट धरावीशी वाटेल त्यांनी कार्तिक ते माघ हा काळ निवडावा. पावसाळ्यात घाटात धुके व दरडी यांचे भय असते. पहाटे निघावे, रात्री घाटात शिरू नये, एकटे जाऊ नये. सारी वाट झेपत नसेल तर बाणस्तारीपासून कवळ्यापर्यंतचीच करावी. तेवढ्यातही देवांची चार-पाच ठाणी आणि एक खराखुरा चढ पदरी पडतो. आणि देवस्थानांच्या समित्यांस एक नम्र सूचना. वाहनतळ सर्वत्र झाले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांच्याच एका कोपऱ्यात सायकली लावावयास एक लोखंडी आडवी सळई, हवेचा एक पंप आणि पिण्याच्या पाण्याचा नळ एवढे ठेवता आले, तर खर्च थोडा आणि पुण्य मोठे. पायी वा सायकलीने येणारा यात्रेकरू संख्येने कमी असतो, पण तो फार लांबून आलेला असतो.

असो. अण्णांच्या घरी यंदाच्या माघात ओटी नेण्याचा मान थोरल्या सूनबाईंकडे आहे. त्या मोटारीनेच जाणार आहेत. पण चोर्ल्याच्या माथ्यावर गाडी थांबवून दोन वळणे तरी आपण पायी उतरू, असे त्यांनी मुलांना आताच सांगून ठेवले आहे.